आत्याबाईचं बरं नाही

बॅगेला चाकं होती, हीच मूळ चूक. साधी कापडी पिशवी असती, नाहीतर नवऱ्याची, लोकेशची, ती खाणीत न्यायची खांद्यावरची थैली असती, तर वॉर्डातून गुपचूप निघून जाता आलं असतं. पण संघमित्राच्या लेकीनं, रचनानं, हैदराबादहून मुद्दाम ही बॅग पाठवली होती. निळी, कडक पाठीची, ओढायची. आणि वॉर्डातला रस्ता सिमेंटचा, नाल्या दुरुस्त करताना जागोजाग खरवडलेला. त्यावरून ती बॅग अशी खडखडत निघाली की घराघरांतून कोणी ना कोणी डोकावलंच. सकाळी नळ आलेले. शेजारची लीलाबाई नळाखाली बादली लावून उकिडवी बसली होती. तिनं आधी बॅगेकडे पाहिलं, मग संघमित्राच्या इस्त्रीच्या साडीकडे, मग लोकेशच्या पायातल्या बुटांकडे. बादली भरून वाहायला लागली तरी तिचं लक्ष नाही. "कोन गेलं वं, रचनाची माय?" तिनं विचारलं, आणि विचारताना पदर डोक्यावर घेतला.

तिचं काही चुकलं नव्हतं. या वॉर्डातून माणूस बॅग घेऊन निघतो तो कोणी गेलं म्हणून, कोणाचं लग्न आहे म्हणून, कोणी दवाखान्यात आहे म्हणून, किंवा वर्षातून एकदा दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं म्हणून. लग्नाची तारीख नव्हती, दसरा केव्हाच होऊन गेला होता. उरलं काय? संघमित्राला उत्तर ठाऊक होतं. रात्रीपासून ते तोंडात घोळवून ठेवलं होतं: फिरायला चाललो. दोन शब्द. पण शिवणकाम करणाऱ्या बाईला ओठांत टाचण्या धरून बसायची सवय असते, तसे ते दोन शब्द तिच्या ओठांत अडकले, टोकं आत करून. तोंड उघडावं तर टोचतील. फिरायला म्हणजे काय, कोणाकडे, कोणाचं काय काम, आणि या दोघांना हे दिवस कुठून सापडले? लीलाबाईच्या घरी सून माहेरी, नवरा दम्यानं बसलेला, हात कोपरापर्यंत गार पाण्यात. तिच्यापुढं उभं राहून फिरायला म्हणायचं? लोकेश तेवढ्यात समोरच्या चिंचेकडे असा पाहू लागला जशी ती आजच उगवली. आणि संघमित्राच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं. "लांजीच्या आत्याबाईचं बरं नाही."

"अरे बापा," लीलाबाई उठलीच. "जास्त हाये काय?"

"पाहू आता. जाऊन पाहतो."

ऑटोत बसल्यावर लोकेशनं बॅग पायांत घट्ट धरली. मग म्हणाला, "आत्याबाईले काहून मधात आनलं?"

"मंग काय सांगाचं होतं?"

"फिराले चाललो म्हनून सांगाचं होतं."

"तुमाले तोंड नोतं काय?"

"मले कुठं विचारलं तिनं?" लोकेश म्हणाला. खाणीत सगळी नोकरी अशीच केली होती त्यानं. विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तर मान खाली. ऑटो कोपऱ्यावर स्टेशनकडे वळला तेव्हा संघमित्रानं मागं पाहिलं. लीलाबाई रस्त्याच्या मधोमध उभी होती, कमरेवर ओला हात, ऑटो दिसेनासा होईपर्यंत.

जिजाबाई आत्या ही लोकेशच्या बापाची बहीण. लांजीला एकटी राहते, धानाच्या कोठीशेजारच्या खोलीत, आणि तिचं अगदी बरं होतं. परवाच फोनवर तिनं शेजारच्या फकिराला त्याच्या बकरीवरून दिलेल्या शिव्या संघमित्राला ऐकू आल्या होत्या. अशा ठणठणीत बाईला आपण सकाळच्या प्रहरी खाटेवर टाकून आलो, हे गाडी सुटल्यावर संघमित्राच्या अंगात हळूहळू उतरलं, बर्फाचं पाणी प्यायल्यावर छातीत उतरतं तसं. तिच्या बापानं तिला अपशकुन, दृष्ट, जिभेवरचं काळं, असलं काही शिकवलं नव्हतं. लहानपणी कोणी मांजर आडवं गेलं म्हणून थांबलं तर बाप मुद्दाम मांजराच्या मागं चालायचा. बोलण्यानं कोणी मरत नाही, हे तिला पाढ्यासारखं पाठ होतं. पण पौर्णिमेला विहारात ती पंचशील म्हणते, त्यातलं चौथं खोटं न बोलण्याचं, आणि ते म्हणताना तिचा आवाज सगळ्यांत मोठा असतो, असं लीलाबाईच एकदा म्हणाली होती.

गाडी आता मोठ्या लाईनीवरून धावते. छोटी लाईन होती तेव्हा जबलपूरला जाणं म्हणजे दिवस घालवणं. डबा डोलायचा, माणसं उतरून चालत्या गाडीबरोबर चार पावलं चालून पुन्हा चढायची, निदान सांगायची तरी तसंच. संघमित्रा त्या गाडीनं एकदाच गेली होती, सासूला घेऊन, आणि त्या प्रवासातलं तिला सलाइनची बाटली तेवढी आठवत होती, खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेली. आज हात रिकामे होते. तिला रिकाम्या हातांचं काय करायचं ते कळेना. तिनं ते मांडीवर ठेवले, मग पर्सवर, मग समोरच्या बाईच्या ब्लाऊजचा खांदा पाहत बसली. बाही अर्धा बोट पुढं बसवली होती, बिचारीला हात वर करताना काखेत ओढत असणार. लामता स्टेशन गेलं, जंगल आलं, पळसाला अजून पानं होती. रचना फोनवर म्हणाली होती, "मम्मी, किसी से मिलने नहीं जाना है. कोणाच्या घरी नाही जायचं. बस जाना है, दो दिन बैठना है, पानी देखना है, वापस आना है." लेकीची मराठी अशी दोन वाक्यांनंतर दमायची. तिनंच खोली घेतली, तिनंच पैसे भरले. बाप रिटायर झाला त्याची भेट म्हणून. संघमित्रानं विचारलं होतं, तिथं जेवायला काय न्यायचं? रचना इतकी हसली की फोन बंद करून पुन्हा करावा लागला.

तरी तिनं डबा घेतलाच होता. नैनपूरला तो उघडला आणि तिखटाच्या पुऱ्यांच्या वासाबरोबर दवाखान्याची ओसरी आली. पुऱ्या त्याही वेळी अशाच होत्या. जबलपूरचा मोठा सरकारी दवाखाना, सासू आत, बाहेर ओसरीवर वर्तमानपत्रावर ती आणि जिजाबाई आत्या. वहिनीची सेवा करायला आत्या लांजीहून आली होती, एकच लुगडं बदलायला घेऊन. रोज तेच: औषधाची चिठ्ठी, रांग, फरशी पुसणारी बाई येते, उठा, पुन्हा बसा. एका दुपारी शेजारच्या रुग्णाची माणसं बोलत होती की भेडाघाटचा धबधबा इथून जवळच आहे, आणि आत्या कान देऊन ऐकत राहिली. मग तिनं संघमित्राला कोपरानं हळूच ढोसलं. "पानी धुव्यासारखं उडते म्हन्ते वं. पाहून येऊ काय? वहिनी झोपली हाये. गेलो न् आलो." आत्या तेव्हा काही म्हातारी नव्हती. डोळ्यांत असं काही चमकलं होतं की संघमित्रा, तिची नवी सून, घाबरलीच. तरी दोघी उठल्या. दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेल्या, ऑटोवाल्यापर्यंत गेल्या, त्यानं सीटवरची धूळसुद्धा फडक्यानं झटकली. आणि समोरून पुनाराम आला, लोकेशचा चुलतभाऊ, हातात चहाचा थर्मास. "कोठी चालल्या?" त्यानं विचारलं. साधंच विचारलं. आत्या म्हणाली, "केळी आनाले." आणि त्या दोघी खरोखर केळ्यांच्या गाडीपाशी गेल्या, केळी घेतली, परत येऊन वर्तमानपत्रावर बसल्या, आणि ती केळी कोणालाच खायची नव्हती म्हणून काळी पडेपर्यंत तिथंच राहिली. सासू त्याच आठवड्यात गेली. नंतर आत्यानं कधी पाण्याचं नाव काढलं नाही, संघमित्रानंही नाही. पण जबलपूर म्हटलं की तिच्या नाकात फिनाईल आणि पिकलेली केळी असा मिळून वास येई. रचनानं फोनवर भेडाघाट म्हटलं तेव्हाही आधी तोच वास आला होता, पाणी नंतर.

भेडाघाटची खोली स्वच्छ होती, इतकी की संघमित्रानं चप्पल दाराबाहेर काढली आणि ती कोणी नेली तर म्हणून पुन्हा आत घेतली. पांढरी चादर कोपऱ्यांत घट्ट दाबून बसवलेली. खिडकीतून पेरूची बाग आणि पलीकडे नर्मदेच्या बाजूची मोकळी जागा. लोकेश बूट न काढता पलंगाच्या अगदी कडेवर बसला, पाहुण्यासारखा. चहा आला. तो तिनं केला नव्हता. कप परत घ्यायला माणूस आला तेव्हा तिनं ते धुऊन ठेवले होते. "अरे दीदी, आपने क्यों?" तो म्हणाला, आणि ती अशी ओशाळली जशी चोरी पकडली. संध्याकाळी काही करायचं नव्हतं. काही करायचं नाही ही गोष्ट इतकी मोठी असते, हे तिला ठाऊक नव्हतं. एखाद्या रिकाम्या सभागृहात एकटीनं बसल्यासारखं वाटत होतं, आपलाच श्वास आपल्याला ऐकू येतो. लोकेश म्हणाला, "बरं वाटते ना?" ती म्हणाली, "हौ." आणि मग फोन वाजला. लीलाबाई.

"कशी हाये वं आत्याबाई?"

पेरूच्या झाडावर पोपट भांडत होते. संघमित्रानं फोनवर हात धरला, पोपट ऐकू जाऊ नयेत म्हणून. जसे काही लांजीला पोपट नसतातच. "हाये तशीच," ती म्हणाली.

"खाते काय काही?"

"थोडं थोडं."

"तू हाय ना जवळ, मंग चिंता नाही." फोन बंद झाला. लोकेशनं तिच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच बूट काढले. संघमित्रा पलंगावर पडली. आता आत्या तिथं थोडं थोडं खात होती, हाये तशीच होती. सकाळपेक्षा तिचं दुखणं मुरलं होतं. एकदा शिवलेली शिवण उसवता येते, पण भोकं राहतातच, हे तिनं किती बायकांना सांगितलं असेल. लांजीला फोन करावा, आवाज ऐकावा, असं दोनदा मनात आलं. पण आवाज ऐकला तर सांगावं लागेल कुठून बोलतेय. आणि आत्याला भेडाघाट कसं सांगायचं? ती केळ्यांची गाडी अजून त्या दोघींच्या मध्ये उभी होती.

सकाळी थंडी होती, म्हणून ते ऊन चांगलं वर आल्यावर निघाले. घाटावर नावा लागल्या होत्या, आणि नाववाला, दाढीचे खुंट पांढरे झालेला, लोकांना हात देऊन बसवत होता. लोकेशनं लाइफ जॅकेट घातलं आणि त्यात तो एखाद्या फुगवलेल्या मुलासारखा दिसला. संघमित्राला हसू आलं, खरं हसू, पोटातून, आल्यापासून पहिलंच. ती नावेत पाय ठेवणार, तेवढ्यात पर्समध्ये फोन थरथरला. वॉर्डातल्या बायकांच्या ग्रुपवरचा तासाभरापूर्वीचा फोटो आता येऊन पोचला होता. पाठवणारी संध्या, लीलाबाईची सून, माहेरहून परतलेली दिसत होती. खाली काही लिहिलेलं नाही. फोटो थोडा हललेला. एक अंगण. ते अंगण तिनं ओळखलं, कोपऱ्यातल्या धानाच्या कोठीवरून. अंगणात विहारातल्या महिला मंडळाच्या बायका बसलेल्या, सगळ्या पांढऱ्या साड्यांत, हात जोडून, माना खाली. आणि मधोमध खाट, खाटेवर डोक्यापासून पायापर्यंत चादर.

"दीदी, बैठो, बैठो, नाव छूट रही है," नाववाला म्हणाला, आणि ती बसली. का बसली, तिलाही सांगता आलं नसतं. बसा म्हटलं की बसायचं, एवढंच शरीराला ठाऊक होतं. नाव काठापासून सुटली. तिनं फोन लावला, आणि दोन्ही बाजूंनी खडक वर यायला लागले, आणि फोनवरच्या त्या लहानशा दांड्या एकेक करून विझल्या.

संगमरवराचे पांढरे खडक. लोक त्यांच्यासाठी कुठून कुठून येतात. नाववाला सांगत होता, ये देखो हाथी, ये देखो गाडी, ये देखो दो बहनें बैठी हैं, आणि लोक मान वळवून वळवून हत्ती शोधत होते. संघमित्राला सगळीकडे साड्या दिसत होत्या. पांढऱ्या, नीट घडीच्या, पाण्यात पाय सोडून बसलेल्या, माना खाली घातलेल्या. पांढरी साडी मंडळाच्या बायका लग्नालाही नेसतात, नामकरणालाही नेसतात, पौर्णिमेला तर नेसतातच. तिच्या स्वतःच्या पेटीत तीन आहेत, तिनंच कितीकींचे ब्लाऊज शिवलेत. हे सगळं तिला ठाऊक होतं, आणि त्यातलं काहीही त्या खाटेपर्यंत पोचत नव्हतं. चादर डोक्यावरून होती. म्हणजे काल संध्याकाळी, पोपट भांडत होते तेव्हा, ती हाये तशीच म्हणाली तेव्हा, आत्या खरोखरच तशी असेल. एकटी. फकिरानं सकाळी बकरी सोडताना पाहिलं असेल. कोणाला पहिला फोन केला असेल? आणि लीलाबाई म्हणाली असेल, संघमित्रा हाये ना जवळ. पाणी हिरवं होतं, इतकं स्तब्ध की वल्हं बुडालं तरच ते पाणी आहे हे कळत होतं. आपण आत्याला मारलं नाही, हे तिनं स्वतःला बापाच्या आवाजात सांगितलं. म्हाताऱ्या माणसाचं हृदय बंद पडतं, त्याला कोणाची जीभ लागत नाही. बरं, ठीक. पण मग दुसरंच काहीतरी वर आलं, आणि ते पहिल्यापेक्षा वाईट होतं: त्या दिवशी ऑटोची सीट झटकून झाली होती. एक पाऊल वर टाकायचं होतं. पुनाराम काय मारणार होता काय? आपण दोघी बसलो असतो, गेलो असतो, आलो असतो, सासू तरीही त्याच आठवड्यात गेली असती. आणि आत्यानं पाणी पाहिलं असतं. एवढंच. एवढ्याशा गोष्टीसाठी तिनं पुन्हा कधी कोणाला विचारलं नाही, आणि आपण तिच्या नावावर इथं येऊन हिरव्या पाण्यात बसलोय. लोकेशनं तिच्या खांद्यावर बोट ठेवलं. "भेव लागते काय?" ती मान हलवून नाही म्हणाली. त्याला फोटो दाखवावा? बुडत्या माणसासारखं जॅकेट घालून बसलेल्या या माणसाला, तुझी आत्या गेली, असं नावेत सांगायचं? परत काठावर जाईपर्यंत तरी ती त्याच्यासाठी जिवंत राहू दे. तिनं फोन मुठीत धरला आणि नाव वळायची वाट पाहिली. नाववाला म्हणाला, "अब ऊपर देखो, आसमान कितना पतला दिखता है." तिनं पाहिलं. खरंच, एक निळी पट्टी, ब्लाऊजच्या काठाएवढी.

नाव काठाला लागण्याआधीच फोन जागा झाला. वाजला नाही, किंचाळलाच. लांजी. संघमित्रानं पायरीवर एक पाय आणि नावेत एक पाय अशीच तो कानाला लावला.

"काहून वं, किती येळचा लावून राह्यली मी! फोन पान्यात टाकला काय?"

जिजाबाईचा आवाज. खणखणीत, बकरी हाकलायचा आवाज. संघमित्रा मटकन ओल्या पायरीवर बसली. साडी भिजली, थंडी थेट हाडांपर्यंत गेली, आणि तिला ती थंडी इतकी गोड लागली की ती तशीच बसून राहिली. "आत्याबाई," ती म्हणाली.

"मी मेली नाही अजून. सांगून ठेवतो. तू कोनाकोनाले काय सांगून ठेवलं ते तूच जान. सकायी अंगन झाडून सारवून राह्यली होती, त फाटकात जीप थांबली. कोठीच्या आडून पाहतो त एवढ्या पांढऱ्या साड्या उतरल्या! लीलाबाई फाटकातूनच म्हन्ते, कशी हाये आत्याबाई, संघमित्रानं सांगतलं तुमचं जास्त हाये. म्या मनात म्हटलं, संघमित्रानं सांगतलं असन त काही कारन असन. त्या आत याच्या आधी झाडू टाकला, खाटेवर पडली, चादर घेतली तोंडावरून. काय करू मंग? तुही इज्जत जाऊ देऊ?"

संघमित्रानं ओल्या पदरानं तोंड पुसलं. "आन् आमी तिथं नोतो, त्याचं?"

"म्हटलं औषध आनाले पाठवलं दोघाईले गोंदियाले. लीलाबाई म्हन्ते, हौ काय. मंग त्याईनं बिमाराच्या रक्षनासाठी म्हन्तात तो परित्राण पाठ म्हटला. पुरा. हाताले पांढरा धागा बांधला. इतकी झोप लागली मले, सुनबाई, इतकी सुखाची झोप लागली, घोरायले लागली म्हन्ते मी. आन् उठून पाहतो त काय, केळी." आत्या थांबली. "केळी आनली होती लीलाबाईनं. दर्जन."

केळ्यांची ती गाडी दोघींच्याही डोळ्यांपुढं आली असणार. कारण आत्याचा आवाज नंतर वेगळाच झाला, लहान. "कोठी हायेस तू, खरं सांग."

आता टोचलं नाही. "भेडाघाटले हाओ, आत्याबाई. फिराले आलो आमी."

फोनवर बकरी ओरडली. फकिराची असावी. "धुवाँधार पाहिला?"

"आता जाऊन राह्यलो."

"तिथं गेल्यावर फोन लाव. बोलू नको काही. नुसता धरून ठेव."

लोकेशला सगळं सांगेपर्यंत ते वरच्या दुकानांमधून चालत गेले, दोन्ही बाजूंनी संगमरवराचे हत्ती, दिवे, खलबत्ते. तो एकदाच थांबला, डोळे पुसले, आणि म्हणाला, "आत्याबाई म्हंजे आत्याबाईच हाये." मग खलबत्त्याचा भाव विचारला. संघमित्राची साडी मागून ओली, पायाला चिकटणारी, वाऱ्यात बर्फ होणारी. तिला पर्वा नव्हती. अंग असं सैल झालं होतं जशी कोणी तिच्या पाठीतली एक घट्ट टीप उसवली. धुवाँधार दिसण्याआधी ऐकू आला, मग चेहऱ्यावर आला, आणि मग दिसला. पाणी खरंच धुरासारखं उडत होतं. तिनं कठड्याला पोट टेकवलं, फोन लावला, आणि हात लांब करून पाण्याकडे धरला. पर्यटकांनी पाहिलं. सगळे फोनमध्ये पाणी भरून घेत होते. ही बाई तेवढी पाण्याकडे फोन धरून दुसरीकडेच पाहत होती. हात दुखायला लागला तेव्हा तिनं तो कानाशी आणला. आत्या तिथंच होती, श्वास ऐकू येत होता.

"धुव्यासारखं उडते काय?"

"हौ. तसंच."

"होळी झाली की मी बिमार पडतो," जिजाबाई म्हणाली. "तवा मले जबलपूरले आना. दवाखान्यात."

दुसऱ्या दिवशी दुपारी परत वॉर्डात शिरताना लोकेशनं बॅग उचलून हातात घेतली. संघमित्रा म्हणाली, "राहू द्या, वाजू द्या." तो तिच्याकडे पाहत राहिला आणि मग त्यानं ती खाली ठेवली. बॅग खडखडत निघाली, सिमेंटच्या प्रत्येक खरवडीवर. लीलाबाई दारात उन्हात बसून मुगाच्या वड्या घालत होती, जुन्या साडीवर, एकासारखी एक. मनगटाला पांढरा धागा. शेजारी संध्या तांदूळ निवडत होती. दोघींनी मान वर केली.

"आली काय? आत्याबाई बरी हाये ना आता?"

"बरी हाये," संघमित्रा म्हणाली. मग उभ्या उभ्याच, पदर सावरत, एका दमात: "लीलाबाई, आमी लांजीले नोतो गेलो. फिराले गेलतो, भेडाघाटले. म्या खोटं सांगतलं."

लीलाबाईनं आणखी एक वडी घातली. बोटानं तिचं टोक नीट केलं. "लांजीले कोनती रेलगाडी जाते वं? ऑटो टेशनाकडे वळला तवाच समजलं मले."

"मंग गेल्या काहून तुमी?"

उत्तर संध्यानं दिलं, तांदळातला खडा फेकत. "गेलो म्हणजे काय, काकू! जीपवाल्याला म्हटलं, थोडा घुमा के ले चलो. हट्ट्याच्या बावडीवर उतरलो, त्या पायऱ्यांच्या विहिरीवर. खाली पार पाण्यापर्यंत गेलो, तिथं कसं गार गार वाटतं! आई तर पायऱ्यांवर बसून गाणं म्हणत होत्या. फोटो काढले. डबे उघडले. मग लांजीला गेलो."

"संध्या," लीलाबाई म्हणाली, पण तिच्या आवाजात दटावणी नव्हती. "लग्न झाल्यापासून मी त्या बावडीच्या समोरून जाऊन राह्यली. मयतीले जातानी, मयतीवरून येतानी. कधी उतरली नाही. नुसती बावडी पाहाले जातो म्हटलं असतं, त मह्या बुढ्यानं जाऊ देलं असतं काय? बिमाराच्या भेटीले जातो म्हटलं, त जीपचे पैसे सोताच काढून देले." तिनं हात झटकला, पिठाचे थेंब उडाले. "आन् परित्राण म्हटल्यानं कोनाचं वाईट थोडीच होते. बुढी झोपली बिचारी, मस्त घोरली."

"समजलं होतं काय तुमाले? ती बिमार नाही म्हनून?"

"चादरीच्या खाली पायाले चिखल होता. ताजा. बिमार बाई अंगन सारवते काय?"

लोकेश पुढं जाऊन घराचं कुलूप काढत होता. त्याच्या खांद्यांवरून दिसत होतं की तो हसतोय. संघमित्रानं पर्समधून संगमरवराचा लहानसा खलबत्ता काढला, लीलाबाईसाठी आणलेला, आणि वड्यांच्या साडीवर कोपऱ्यात ठेवला. लीलाबाईनं तो पिठाच्या हातानं फिरवून पाहिला, वजन पाहिलं, उन्हात धरला. उन्हात तो आतून उजळला.

"मंग," ती म्हणाली, खलबत्त्याकडेच पाहत, "आता पुढं कोन बिमार पडते?"

"होळीनंतर आत्याबाई. तिनं सांगून ठेवलं हाये. तिच्या बादमंदी पाहिजे त मी पडतो."

"पड बाई," लीलाबाई म्हणाली. "पन जरा दूरच्या गावी जाऊन पड."